रक्षा घरी नेताना

आमच्या कोल्हापूरकडच्या बाजूला कुणी गेलं की माणसं सांगतात, 'मातीला जाऊन आलो.' गेलेला माणूस हिंदू असो, मुसलमान असो, शब्द एकच. एकाचं दहन होतं, दुसऱ्याचं दफन. पण गावची बोली दोन्हीला मातीच म्हणते. दहन झालेलं असेल तर भावकी पुन्हा जमते, राख सावडते. आमच्याकडच्या दैनिकांत निधनवार्तेच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते : 'रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी नऊ वाजता.' वेळ छापलेली असते, जागा छापलेली नसते. ती सगळ्यांना ठाऊकच असते. गावची नदी, गावचा घाट.

मी मुसलमान घरात वाढलो. आमच्यात रक्षा नसते. कबरीत तीन मुठी माती देऊन माणसं घरी परततात, आणि ज्याला माती दिली तो जिथल्या तिथं राहतो. त्यामुळंच असेल, पण रक्षेचं मला लहानपणापासून कुतूहल वाटत आलं. माणूस गेल्यावरही त्याचं काहीतरी हातात उरतं आणि ते घेऊन प्रवास करता येतो, ही मोठीच सोय आहे. ओझं म्हणाल तर फार नाही. मोठ्या माणसाची राख साधारण दोन ते तीन किलो भरते. त्यात मुख्यतः हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट असतं. आपल्याकडे अस्थी हातानं वेचतात. परदेशातल्या दाहिनीत हाडं यंत्रात दळून पूड करून देतात. एका हातात मावेल एवढा डबा.

पण हा डबा न्यायचा कुठं? उत्तर सोपं वाटतं : ज्याच्या-त्याच्या गावी. माणूस परमुलखात वारला आणि घरची माणसं रक्षा घेऊन समुद्र ओलांडून त्याच्या गावी गेली, अशा कथा आता घरोघरी ऐकू येतात. या वाटेला बराच जुना इतिहास आहे. तो वाचताना दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. माणसाचं गाव नेमकं कुठलं? आणि रक्षा तिथवर नेणार कोण? आज मी तीन प्रवासांविषयी बोलणार आहे. एक अर्ध्या वाटेवर संपला. दुसरा उलट्या दिशेनं झाला. तिसऱ्याला सत्तर वर्षांहून जास्त काळ लागला.

पहिला प्रवास कोल्हापूरच्या छत्रपतींचा. दुसरे राजाराम महाराज १८६६ साली दत्तक येऊन गादीवर बसले. १८७० मध्ये ते इंग्लंडला निघाले. समुद्रगमन निषिद्ध मानलं जाई, अशा काळात विलायतेला गेलेल्या पहिल्या हिंदू संस्थानिकांत त्यांची गणना होते. वय अवघं वीस. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. तिथली माणसं पाहिली, राणीची भेट झाली, आणि युरोपातून परतीची वाट धरली. वाटेत प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात महाराज वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं.

बरोबरच्या मंडळींवर काय प्रसंग आला असेल बघा. देह कोल्हापूरला न्यावा तर ते शक्य नाही. दफन करावं तर धर्मात बसत नाही. आणि दहन? इटलीत तेव्हा प्रेत जाळण्याची पद्धतच नव्हती. त्या देशातली पहिली आधुनिक दाहिनी मिलान शहरात सुरू झाली ती १८७६ साली, म्हणजे महाराज गेल्यानंतर सहा वर्षांनी. अखेर खास परवानगी मिळाली. जागा निवडली ती शहराबाहेरच्या कॅशिने उद्यानाच्या टोकाची, जिथं आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते. म्हणजे संगमच. पंचगंगेचा उगम ज्यांनी प्रयाग चिखलीच्या संगमावर पाहिला आहे, त्या कोल्हापूरकरांना ही निवड समजावून सांगायला नको. गावचा संगम गाठता येत नाही म्हटल्यावर त्या मंडळींनी परक्या मुलखात संगम शोधला. तिथं चिता रचली आणि राख त्या पाण्यात सोडली.

१८७४ मध्ये त्या जागी महाराजांचा अर्धपुतळा आणि त्यावर घुमटीवजा छत्री उभी राहिली. ती आजही आहे. जवळच १९७८ साली आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचं नावही 'इंडियानो', म्हणजे भारतीयाचा पूल. पुलावरून जाणाऱ्या किती इटालियन माणसांना कोल्हापूर ठाऊक असेल कोण जाणे. पण महाराजांची आठवण त्या गावानं ठेवली आहे. इकडे कोल्हापुरात राजाराम कॉलेज त्यांच्याच नावानं उभं आहे. एका तरुण माणसाला दोन गावं मिळाली, त्यातलं एक मेल्यानंतर.

दुसरा प्रवास आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या बाईंचा. डॉ. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, लहान वयात बाळंतपण आणि ते बाळ दहा दिवसांत जाणं, मग डॉक्टर व्हायचा निश्चय, हे सगळं आपण कथा-कादंबऱ्यांतून, नाटक-सिनेमांतून पाहिलेलं आहे. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं एकट्या निघाल्या. जूनमध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. त्यांना उतरवून घ्यायला थिओडीशिया कार्पेंटर नावाच्या बाई आल्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या या बाईंनी गोपाळराव जोशांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापलेलं वाचलं होतं आणि कधी न पाहिलेल्या या मुलीला आपण होऊन पत्र लिहिलं होतं. त्यांचा पत्रव्यवहार तेव्हापासूनचा. आनंदीबाई त्यांना मावशी मानत.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांना देऊ केलेलं होतं. त्या वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या खऱ्या, पण क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत. कोल्हापूरच्या कामावर रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आता इथं आपली सवय सांगते की पुढची ओळ नदीची असणार. पण तसं घडलं नाही. आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. वर दगड बसवला. शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर इंग्रजीत आहे. तो दगड आजही तिथं आहे.

मला ही गोष्ट फार विचार करायला लावते. कल्याण-पुण्याची ही मुलगी. तिचं सासर-माहेर इथं, भाषा इथली, तिनं परदेशातही आपला वेश आणि आहार सोडला नाही. मरायला ती आपल्या माणसांत आली. आणि रक्षा गेली समुद्रापार, जिथं ती उणीपुरी साडेतीन वर्षं राहिली होती. कुणी म्हणेल, हे उलटं झालं. मला तसं वाटत नाही. त्या मुलीला धक्क्यावर उतरवून घ्यायला जी बाई आली, घरात ठेवून घेऊन जिनं तिला लेकीसारखं वागवलं, तिच्याकडे रक्षा गेली. पूर्वी मुलगी आजारली की माहेरी आणत. आनंदीबाईंना दुसरं माहेर अमेरिकेत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा प्रवास कच्छमधल्या मांडवीचा. मांडवी हे रुक्मावती नदीच्या मुखावरचं जुनं बंदर. नदीकाठी लाकडी गलबतं बांधणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. मस्कत, झांजीबारकडे जाणारी माणसं या बंदरानं शतकानुशतकं पाहिली. अशा गावात ४ ऑक्टोबर १८५७ रोजी श्यामजी कृष्ण वर्मा जन्मले. घरची गरिबी होती, पण बुद्धी अशी की मुंबईत शिकून संस्कृतात नाव मिळवलं. १८७५ मध्ये मुंबईतल्या एका धनिक भाटिया व्यापाऱ्याच्या भानुमती नावाच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. पुढं ते ऑक्सफर्डला गेले, तिथून पदवी घेतली, बॅरिस्टर झाले. रतलाम, उदयपूर, जुनागढ या संस्थानांत मोठ्या हुद्द्यांवर राहिले. १८९७ मध्ये त्यांनी देश सोडला तो कायमचा.

१९०५ साली लंडनमध्ये त्यांनी 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' हे मासिक काढलं, होमरूल सोसायटी स्थापली आणि हायगेट भागात 'इंडिया हाऊस' हे हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह उघडलं. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीनं श्यामजींची शिष्यवृत्ती मिळवून सावरकर १९०६ मध्ये तिथंच राहायला गेले. सरकारचा डोळा वळला तसे श्यामजी १९०७ मध्ये पॅरिसला आणि १९१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाला गेले. या सगळ्या वाटचालीत भानुमतीबाई बरोबर होत्या. पतीच्या चरित्रात त्यांचं नाव दोन-चार ठिकाणीच येतं, पण प्रत्येक बिऱ्हाड मांडलं आणि मोडलं ते त्यांनीच.

३० मार्च १९३० रोजी जिनिव्हात श्यामजी वारले. इकडे दांडीयात्रा चालू होती, मिठाचा कायदा मोडायला आठवडा उरला होता. भानुमतीबाई त्यानंतर तीन वर्षं त्या परक्या गावात राहिल्या आणि १९३३ च्या ऑगस्टमध्ये त्याही गेल्या. मूलबाळ नव्हतं. मात्र या जोडप्यानं मरणोत्तर व्यवस्था अगदी चोख करून ठेवली होती. जिनिव्हाच्या सेंट जॉर्जेस स्मशानभूमीत दोघांचे कलश शंभर वर्षं सांभाळायचे, त्याचा खर्च आगाऊ भरलेला. आणि देश स्वतंत्र झाला की ते मायदेशी धाडायचे, अशी ती व्यवस्था. शंभर वर्षं! व्यापारी गावात वाढलेल्या माणसाचा हिशेब होता तो. इंग्रज जाणार याची खात्री होती. कधी जाणार याची नव्हती. म्हणून मुदत जरा सैल घेतली.

इथं मला आणखी एक मरण आठवतं. श्यामजींनंतर वर्षभराच्या आत, जानेवारी १९३१ मध्ये, मौलाना महंमद अली लंडनमध्ये वारले. गोलमेज परिषदेला ते आजारी अवस्थेत गेले होते. गुलाम देशात मी परत जाणार नाही, स्वातंत्र्य देणार नसाल तर इथं कबरीपुरती जागा द्या, असं त्यांनी भर परिषदेत सुनावलं होतं. त्यांचं दफन जेरुसलेमला झालं. निश्चय दोघांचाही एकच : गुलाम मुलखात परतायचं नाही. मौलानांची माती जेरुसलेमला मिळाली ती कायमची. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याचंही तेच. त्यानं मेहरौलीच्या दर्ग्याजवळ आपल्या कबरीची जागा राखून ठेवली होती, पण १८६२ साली रंगूनला कैदेत मेला आणि तिथल्याच मातीत राहिला. मेहरौलीतली ती जागा रिकामीच राहिली. कलशाचं तसं नसतं. तो परतीची वाट पाहू शकतो.

पण नुसत्या कलशानं वाट पाहून भागत नाही, न्यायला कुणीतरी यावं लागतं. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये जिनिव्हाजवळच्याच एका रुग्णालयात विठ्ठलभाई पटेल वारले. त्यांचा देह बोटीनं नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोचला, हजारोंनी दर्शन घेतलं. भानुमतीबाई त्याच परिसरात दोनच महिने आधी गेल्या होत्या. विठ्ठलभाईंमागं भाऊ होते, पक्ष होता, ओळखीपाळखी होत्या. श्यामजी-भानुमतींमागं कुणी नव्हतं.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. ठरलेली अट पुरी झाली. कलश मात्र जागचे हलले नाहीत. अधूनमधून कुणी विषय काढी, पुन्हा तो मागं पडे. १९८९ साली भारत सरकारनं श्यामजींच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. ते तिकीट चिकटवून एखादं पत्र जिनिव्हाला गेलंही असेल. परतीच्या टपालानं कलश काही आले नाहीत. अखेर ऑगस्ट २००३ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी जिनिव्हाला गेले आणि दोन्ही कलश घेऊन आले. मुंबईहून निघालेली यात्रा गुजरातच्या सतरा जिल्ह्यांतून मांडवीला पोचली. २००१ च्या भूकंपानं मोडलेलं कच्छ तेव्हा अजून सावरत होतं. पुढं मांडवीत 'क्रांतितीर्थ' हे स्मारक झालं, लंडनच्या इंडिया हाऊसची हुबेहूब प्रतिकृती तिथं उभारली. १३ डिसेंबर २०१० रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. कलश तिथंच ठेवलेले आहेत.

यात राजकारण नव्हतं, असं कुणी म्हणणार नाही. पण स्वातंत्र्यानंतर ५६ वर्षं कुणी गेलं नाही, त्याचा हिशेब कुठल्या खात्यावर मांडायचा? शंभरांतली ७३ वर्षं खर्ची पडली, ती कायद्याची किंवा पैशाची अडचण होती म्हणून नाहीत. कलश तयार होते, भाडं भरलेलं होतं, मालकाचा हुकूम कागदावर होता. उणीव होती ती हे आपलं काम आहे असं मानणाऱ्या माणसाची.

मला या कथेत भानुमतीबाईंविषयी नेहमी एक शंका येते. त्या मुंबईच्या. मांडवी हे नवऱ्याचं गाव. त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी कुठलं गाव सांगितलं असतं? कदाचित मांडवीच सांगितलं असतं. आयुष्यभर ज्याच्यामागं मुलूख पालथे घातले, त्याच्याशेजारी राहणं हेच त्यांना हवं असेल. पण बाईचं गाव कुठलं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, हेही खरं.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका कॉलेजमित्राची पत्नी अमेरिकेत मुलाकडे असताना वारली. मित्र आधीच गेलेला. मुलगा रक्षा घेऊन आला. आईनं सांगून ठेवलं होतं, माझ्या माहेरच्या ओढ्याला सोड. पोराला ते गाव नीटसं ठाऊक नव्हतं. मला म्हणाला, "काका, तिथं मला कोणी ओळखत नाही. तुम्ही याल का?" गेलो. मामाचं घर विकलेलं, दारात दुसऱ्यांची मोटारसायकल. आम्ही रस्त्यावर उभे. शेजारच्या सोप्यातनं एक म्हातारी बाहेर आली. पोराकडे निरखून बघत म्हणाली, "कुणाचा रं तू?" त्यानं आईचं नाव सांगितलं. म्हातारीनं त्याच्या हातातल्या डब्याकडे बघितलं, आत गेली, तांब्याभर पाणी आणून त्याच्या पायावर ओतलं आणि म्हणाली, "आली म्हणायची आमची पोर घरला." ती दोघी एका शाळेत होत्या. ओढ्यापर्यंत वाट दाखवायला म्हातारी स्वतः पुढं चालली. ती बाई त्या दिवशी परगावी गेलेली असती, तर त्या गावात आम्ही दोघं नुसते वाटसरू होतो.

राजाराम महाराजांच्या माणसांनी परमुलखात संगम शोधला. कार्पेंटरबाईंनी आपल्या घरच्या जागेत दगड बसवला. मांडवीनं दोन कलश उतरवून घेतले. या तिन्ही ठिकाणी कुणीतरी पुढं होऊन म्हणालं, हे माणूस आमचं. मला वाटतं, रक्षेच्या बाबतीत गाव ठरतं ते असं. जन्मदाखल्यावर एक गाव असतंच, पण तिथं 'आमचं' म्हणणारं कुणी उरलं नसेल तर ते नकाशावरचं नाव होऊन राहतं.

आजच्या काळात कलश आणणं पूर्वीइतकं अवघड नाही. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, आपल्या वकिलातीचं परवानगीपत्र आणि मोहोरबंद डबा. तोही शक्यतो धातूचा नको, म्हणजे विमानतळावर तपासणीत अडकत नाही. दुसरीकडे, परदेशातच रक्षा सोडणारी कुटुंबंही वाढत आहेत. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या सोअर नदीत हिंदू आणि शीख कुटुंबं आता रक्षाविसर्जन करतात. आमच्याकडच्या अनेक गावांत लोक रक्षा नदीत न सोडता शेतात टाकतात आणि वर झाड लावतात. पद्धत बदलली म्हणून काही बिघडत नाही. आणि २०२०-२१ च्या साथीत तर स्मशानांतून कितीतरी कलश फडताळांत पडून राहिले, कारण न्यायला येणारी माणसं स्वतः आजारी होती, अडकली होती किंवा उरलीच नव्हती. ज्या घरांना तेव्हा जमलं नाही, त्यांच्या मनात ती रुखरुख अजून आहे.

म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं. घरात म्हातारं माणूस असेल तर एकदा धीर करून विचारा, तुमचं गाव कुठलं? आईला, आजीला तर आवर्जून विचारा, कारण त्यांच्या वतीनं उत्तर देण्याची आपल्याला फार सवय आहे. उत्तर मिळालं की ते गाव एकदा त्यांच्यासकट बघून या. तिथं कोण कोण उरलंय, कुणाचं दार उघडं आहे, याची विचारपूस करा. शंभर वर्षांची मुदत श्यामजींच्या कलशाला होती. आपल्या घरच्या माणसांना ती मिळत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)